मोटारीवर गळणारं पाणी

पाटोद्याच्या आमच्या घरातलं वॉशिंग मशीन गळायला लागलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. गेल्या वर्षीचा उन्हाळा होता, टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि मशीनखाली सरकवलेलं घमेलं दर धुण्याला निम्मं भरायचं. ते पाणी मी लिंबोणीला घालायचो. आयुष्यभर शाळेत पोरांना काटकसर शिकवली, आता गळतीतूनही फायदा काढला, म्हणून स्वतःवरच खूष होतो.

महिनाभरात बायको म्हणाली, "मशीनला हात लावला की मुंग्या येत्यात." मी बाजारातून रबरी चपला आणून मशीनपाशी ठेवल्या. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत मशीनपाशी अशा चपला असतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

यंदा मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरायला लागलं. बेअरिंग गेलं असणार हे कळत होतं, पण चालतंय तोवर चालू दे म्हणून मी कानाडोळा केला. घटस्थापना तीन दिवसांवर आली, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं, आणि चादरी पोटात घेऊन मशीन अडकलं. मग बसस्टँडमागच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं मशीन आडवं केलं, टब बाहेर ओढला, छिन्नी-हातोड्यानं बेअरिंग ठोकून काढलं. ते बोटानं फिरवून पाहिलं तर जागचं हलेना. आतून गंजाचं तांबडं पाणी गळत होतं. टबातलं पाणी अडवणाऱ्या रबरी सीलची कड पार झिजली होती. तोवर तो गावातल्या गप्पा मारत होता. मग सीलच्या जागेपासून खाली उतरलेली क्षाराची पांढरी रेघ त्याला दिसली. तिच्यावरून तो बोट फिरवत गेला. ती थेट मोटारीच्या वायरींपर्यंत गेली होती. त्याच्या गप्पा थांबल्या.

"सर, हे पानी मोटारीवर पडत होतं. पुऱ्या मशीनमधी करंट उतरत असंल. कावून चालू ठेवलं?"

मी वाकून ती रेघ बघितली.

"अर्थिंगच्या खड्ड्यात पानी कधी घातलंतं?"

उतरलेला करंट जमिनीत जिरावा म्हणून घरामागच्या त्या खड्ड्यात दर उन्हाळ्यात घागरभर पाणी ओतायची आमची रीत. टंचाईत ती मीच बंद केली होती. खड्डा दोन वर्षं कोरडा ठणठणीत होता.

"भाभी चपला घालत होत्या म्हनून..." चपलांकडं बघत मिस्त्री म्हणाला.

"रोज घालते. मीच आणून दिल्यात," मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हाही थोडी फुशारकी होतीच. आणि बोलता बोलताच आठवलं. देवीचे नऊ दिवस ती अनवाणी असते. लग्नापासून एक वर्ष चुकलेलं नाही. गेल्या वर्षीही ते नऊ दिवस होते, आणि धुणं तर रोजच होतं.

ती पिळलेल्या चादरी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पाचव्या माळंला मी मोरीत पडले होते न्हाई का," ती म्हणाली, "तवा पाय घसरून न्हाई पडले. मशीननं हात धरून ठेवला होता. सोडवंना. लाइट गेली तवा सुटले."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हनला असता, उपासानं चक्कर आली असंल."

हो, मी अगदी तेच म्हणालो असतो. ती दुपार मला लख्ख आठवली. लाइट गेली म्हणून पुढच्या खोलीत बसून मी वीजवाल्यांना शिव्या घालत होतो. थोड्या वेळानं ती कोपर चोळत बाहेर आली, पाय घसरला म्हणाली. नीट बघून चालत जा, असं तिला बजावून मी चहा मागितला होता.