‘इन’ म्हणजे नाही

अकरा वर्षं कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची यंत्रं चालती ठेवणाऱ्या फिटरला मी तोंडावर सांगितलं, की त्याच्या कामाला कवडीची किंमत नव्हती. हे माझं मत नव्हतं बरं का. लॅटिन भाषेचं होतं. मी आपला मधला दुभाष्या.

सत्तावन्न सालची गोष्ट. हिंगणघाटच्या एका शाळेत मी इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो, आणि नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक पुस्तक सापडलं होतं. मागचा-पुढचा पुठ्ठा गेलेला, पण आत इंग्रजी शब्दांची ग्रीक आणि लॅटिन मुळं ओळीने दिलेली. त्या पुस्तकाने मला झपाटलं. एखाद्याला नवी सायकल मिळाली की तो जसा मीठ आणायलाही सायकलवर जातो, तसा मी दिसेल त्या शब्दाचं मूळ खणायला लागलो. वर्गात सांगितलं, मॅट्रिकच्या मुळाशी लॅटिनमधली आई आहे. तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसलेला एक जण मागून म्हणाला, “सर, मंग हे सावत्र असन.” घरी बायकोला सांगितलं, केरोसीनमधलं ‘केरो’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ मेण. ती म्हणाली, “मेण असो का शेण, डब्बा खाली होऊन राह्यला. घेऊन या.”

अशा दिवसांत, एका शनिवारी संध्याकाळी, फिटरभाऊ दारात आले. आम्ही सगळे त्यांना फिटरभाऊच म्हणायचो. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात देवांच्या जागी बुद्धाची तसबीर होती. बायकोचं शिवणयंत्र अडलं की तेच येऊन ठीक करायचे. मराठी वाचायचे, इंग्रजी नाही.

“मास्तर, हे जराक वाचून सांगता का?” त्यांनी कागद पुढे केला. “साहेबानं जाता जाता चिठ्ठी देल्ली.”

त्यांच्या जिनचा गोरा इंजिनीयर स्वातंत्र्यानंतरही दहा वर्षं इथेच रेंगाळला होता, तो त्या आठवड्यात विलायतेला परत गेला. त्याने दिलेलं ते प्रशस्तिपत्र. वर्ध्याच्या एका जिनमध्ये हेड फिटरची जागा निघाली होती, आणि सोमवारी फिटरभाऊ तिथे भेटायला जाणार होते. चिठ्ठीत काय आहे ते आधी कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तीन ओळी होत्या. पहिलीत अकरा वर्षं नोकरी केल्याचं. तिसरीत साहेबाची सही. मधल्या ओळीत लिहिलं होतं, त्यांची सेवा आम्हाला ‘इन्व्हॅल्युएबल’ होती.

हा शब्द मी पूर्वी वाचला असणार. पण पुस्तकाने झपाटलेला माणूस शब्द वाचत नाही, फोडतो. “हे बघा,” मी खडू हातात असल्यासारखा म्हणालो, “इन म्हणजे नाही. इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही. इनव्हॅलिड म्हणजे चालणार नाही. आणि व्हॅल्यू म्हणजे किंमत, मोल. म्हणजे साहेब म्हणतो...” इथे मी थांबलो. मला थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू. “साहेब म्हणतो, तुमच्या कामाला मोल नव्हतं.”

फिटरभाऊंनी कागद परत घेतला. पुन्हा वाचा म्हणाले नाहीत. नीट बघा म्हणाले नाहीत. चार घड्या घातल्या.

“अकरा वर्स त्याची जिन मी बंद नाई पडू देल्ली,” ते म्हणाले. मग, “बरं. लिहिलं असन तं लिहिलं असन.” आणि गेले.

उलटून विचारलं का नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. आता पडतो. तुझं मोल नाही, हे ज्याला जन्मभर कोणी ना कोणी सांगत आलं, त्याला मास्तरानेही सांगितलं तर त्यात नवल कसलं वाटणार?

रविवारी जेवताना मी ही हकीकत बायकोला रंगवून सांगितली. लॅटिनसकट. ती ताटाशी थांबली.

“काहीतरीच. तो साहेब जाताना गेटपाशी त्याईच्या गळ्यात पडून रडला म्हणते. नळावर समद्या बाया सांगत होत्या. आन तो असं लिहीन?”

“अगं, शब्दच तसा आहे. इन म्हणजे नाही.”

“अवो, पोथीत रत्नाले अमूल्य म्हणते. त्यातला ‘अ’ म्हणजेबी नाहीच ना? मंग रत्न का फुकटाचं झालं?”

माझा घास हातातच राहिला. अमूल्य. अनमोल. चौथी शिकलेल्या बाईने वरण वाढता वाढता लॅटिनचा निकाल लावला होता.

“आत्ता जा,” ती म्हणाली. “उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याले जाऊन राह्यले ते.”

“शाळेत मोठा शब्दकोश आहे. उद्या खात्री करतो, मग जातो.”

खात्री कसली! मला पुरती खात्री झाली होती. लाज वाटत होती, तिला मी शब्दकोशाचा सदरा घातला. तरी संध्याकाळी पानाच्या निमित्ताने बाहेर पडलो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. फिटरभाऊ ओट्यावर बसून, तांब्यात निखारे घालून पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. कॉलरवरून तांब्या दोनदा, तीनदा फिरवत होते. मी वीस पावलांवर उभा होतो. तिथून परत फिरलो.

सोमवारी शब्दकोशाने बायकोचीच री ओढली. ज्याचं मोल करता येत नाही, इतकं मोलाचं. शाळा सुटल्यावर गेलो. ते नुकतेच वर्ध्याहून आले होते. सदरा अजून अंगातच होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, रविवारी गल्लीपर्यंत येऊन परत गेलो तेही.

“मालकानं इचारलं, साहेबाची चिठ्ठी असन ना?” फिटरभाऊ म्हणाले. “मी म्हटलं, नाई. खिशातच होती. काढली नाई.” जागा दुसऱ्याला मिळाली होती.

“मी येतो तुमच्याबरोबर. मालकाला समजावतो.”

“आता काय समजावता, मास्तर? तो मानूस उद्यापासून कामावर येऊन राह्यला.” त्यांनी खिशातून कागद काढला. “याच्या मागं मराठीत लिहून द्या. मराठी मले वाचता येते.”

मी लिहिलं, ‘यांची सेवा आमच्यासाठी अमूल्य होती.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत.

“अन् तुमी पोट्ट्याईले हेच शिकवता?” ते म्हणाले, आणि चक्क हसले. मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने चहा आणून पुढे ठेवला. कपबशी नवी होती. “आत्ताच घरून चहा घेऊन निघालो,” मी म्हणालो. शाळेतून तडक आलो होतो. फिटरभाऊंनी एकदा कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” ते म्हणाले. थोडा वेळ बसून मी उठलो, तोवर चहावर साय धरली होती.

घरी आलो तेव्हा मी हलका झालो होतो. बायकोला सांगितलं, सगळं कबूल केलं, माफी मागितली, त्यांनी हसून सोडून दिलं.

“चहा देल्ला का त्याईनं?” तिने विचारलं.

“दिला ना.”

“पेले?”

मी चपला कोपऱ्यात नीट लावू लागलो.

“मंग माफी कायची मांगून आले?” ती म्हणाली.