युसूफचाचांची तिरपी पट्टी

युसूफ मिस्त्री लोखंडाला नुसतं ‘लोखंड’ म्हणू द्यायचे नाहीत. नवापूरजवळ एका शेटच्या कोंबड्यांच्या शेडचं काम चालू होतं. नंदुरबारच्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात मी नुकतीच लागलेली, डिप्लोमाची शाई अजून ओली. पहिल्याच दिवशी पिवळं हेल्मेट घालून मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “तो लांब दांडा आधी वर घ्या.” मिस्त्रींनी चेनपुलीवरचा हात काढला. कामगार थांबले.

“कोनता दांडो, बेटा? आठे पाच जातना शेतस. नाव सांग.”

मला पाचही नावं पाठ होती, परीक्षेत त्यांवर चांगले मार्कही पडले होते. पण समोर पडलेल्या ढिगातलं कुठलं नाव कुणाचं, ते सांगता येईना. मिस्त्रींनी कानामागचा खडू काढून माझ्या हातात ठेवला. “जेन्हं जे नाव शे ते तेन्हावर लिख. तोपर्यंत काम बंद.” त्या दुपारी कामगार सावलीत बसून माझी गंमत पाहत होते आणि मी लोखंडावर पाटी गिरवत होते. पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पर्लिन. पर्लिन ज्यांवर टेकतात त्या त्रिकोणी कैच्या, म्हणजे आमच्या पुस्तकातले ट्रस. कैचीखाली खांब, खांबाच्या पायाशी बेस प्लेट, जोडावर गसेट प्लेट. एकेक नाव लिहून झालं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: “नाव सांगं. आते काम सांग.” म्हणजे नाव सांगून झालं, आता तो तुकडा करतो काय ते सांग.

त्यांचं शिक्षण उर्दू चौथी. जवानीत पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हात बसला, मग नवापुरात स्वतःचं दुकान. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नकाशा उलटा धरला तरी चूक काढायचे. तयार झालेल्या प्रत्येक तुकड्यावर ते पंचाने, म्हणजे पोलादी ठशाने, अक्षर आणि आकडा ठोकत. रंग दिला तरी तो ठसा बोटाला लागायचा. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? “जेन्ही जागा जठे, तो तठेच जावाले पाहिजे,” असं म्हणून ते पुढचा तुकडा ओढून घेत.

ब्रेसिंग मात्र मला कळेना. दोन खांबांच्या मध्ये फुलीसारखे तिरपे अँगल. त्यांच्यावर पत्रा नाही, वजन नाही. मी पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. मिस्त्री मला साइटसमोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथलं बाकडं डुगडुगायचं, बसलेला माणूस जरा कलला की चहा सांडायचा. त्यांनी दोन पायांच्या मध्ये एक पट्टी तिरपी ठोकली आणि मला म्हणाले, “आते हालाड.” मी दोन्ही हातांनी जोर लावला. बाकडं जागचं हललं नाही.

“वारा पत्राले ढकलस, पत्रा पर्लिनले, पर्लिन कैचीले, कैची खांबले. खांब कोनले सांगी? हाई तिरपीले. ती जमीनले सांगस.” डिप्लोमाच्या तीन वर्षांचं स्ट्रक्चर मला त्या बाकड्यावर कळलं. त्या दिवसापासून मी त्यांना मिस्त्री म्हणायचं सोडलं आणि चाचा म्हणू लागले.

शेड पुरी झाली तेव्हा मी मोबाइल काढून म्हणाले, “चाचा, उभे राहा, तुमचा फोटो काढते.” ते बाजूला सरले. “मन्हा नको. तिन्हा काढ.” म्हणून माझ्याकडे एक फोटो आहे. त्यात माणूस नाही. दोन खांब आणि त्यांच्या मध्ये फुली.

पुढच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि शेड झोपली. सगळ्या कैच्या एकाच दिशेला, एकीवर एक. आत पक्षी मेले होते, वासाने उभं राहवत नव्हतं. आमच्या ऑफिसच्या साहेबांबरोबर मी पाहायला गेले. जिथे फुली होती तिथे खांबांवर ग्राइंडरने साफ केलेले डाग होते. राखणदार सहज बोलून गेला, “दिवाळीले शेटनी कापी टाकं. खाद्यनी गाडी मधमा वळे नही.” त्याच्या मागे भाजीच्या वाफ्याचं फाटक होतं. मी फाटकाच्या अँगलवरून बोट फिरवलं. रंगाखाली चाचांच्या पंचाचा ठसा लागला.

शेटने स्वतःच ब्रेसिंग कापलं असं निघालं असतं तर विम्याचा दावा अडला असता. आणि शेटच्या गोदामाचं काम आमच्या ऑफिसला मिळायचं होतं. साहेब गाडीत एवढंच म्हणाले, “आज जे दिसतंय तेवढंच लिही.” मी तेवढंच लिहिलं. “खांबांदरम्यान ब्रेसिंग आढळले नाही. वाऱ्याचा आडवा भार पायापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था नसल्याने सांगाडा कोसळला.” एकही अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली. टर्म्स पक्क्या आहेत हो तुझ्या, म्हणाले. कुणामुळे पक्क्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला नोकरी हवी होती. याहून मोठं कारण आजवर मला सापडलेलं नाही, आणि शोधायची लाजही वाटते.

अहवालाच्या झेरॉक्सा शेटनेच वाटल्या. वाचणाऱ्याला वाटलं, फुली मिस्त्रीने लावलीच नव्हती. नवापूर ते शहादा युसूफ मिस्त्री म्हणजे शेड पाडणारा मिस्त्री झाला. वर्षभरात दुकान बंद पडलं. आता ते सुरतेला मुलाकडे असतात म्हणे, लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवून देतात.

जाण्याआधी एकदा भेटले होते, त्याच टपरीवर. बाकड्यावर बसले, शेजारी मला बसवलं आणि खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. “वाची दाखाड.” मी वाचलं. अवघड शब्द आला की ते मान हलवत, पूर्वी मी बरोबर नाव सांगितल्यावर हलवायचे तशीच. शेवटी माझी सही आली, तीही मी वाचली.

“सबद सगळा बरोबर शेतस,” ते म्हणाले. मग झेरॉक्सची घडी घातली. “आते काम सांग.”

फोन माझ्या हातात होता, फोनात तो फोटो होता. खाली बाकडं घट्ट उभं होतं.

मी म्हणाले, “चाचा, चहा सांगू?”