चहा कोणी केला?

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं गोळा केली. घरात तिसरं माणूस नव्हतं, बाहेरूनही कोणी आलं नाही. शेवंती, माझी बायको, बडबडत होती, मी नेहमीसारखा हूं हूं करत होतो. सकाळी ती उठलीच नाही... दीड महिना झाला. मी चार बुकं शिकलेला, मला गोड लिहिता येत नाही. राग आलाय तोच लिहितो.

शेवंती सातवी पास आणि कंपनीची डायरेक्टर. खोटं नाही सांगत. परदेशातल्या दोघांना इथं कोकमाच्या तेलाचा कारखाना काढायचा होता. आपल्या कायद्यात म्हणे कंपनीचा एक तरी डायरेक्टर वर्षातले सहा महिने या देशात राहणारा लागतो. ती त्यांना कोकम घालायची, तिलाच धरली. कंपनीचा पत्ताही आमचंच घर, पडवीत पाटी. मी चिडवायचो, "काय गो डायरेक्टरणी, आज जेवक गावतला?"

"भात रांधलेलो आसा, वाढून घेवा. माका मिटिंग आसा."

प्रत्येक कागद ती वकिलाकडून मराठीत समजून घ्यायची, मगच सही. एकदा कागदात होतं, अमक्या तारखेला या घरात मिटिंग झाली. झालीच नव्हती. तिनं फोनवर विचारलं, "माझ्या घरात मिटिंग झाली, तर चाय कोणी केल्यान? मी तर केलंय नाय." कागद परत गेला. मी उलट तिच्यावरच खेकसलो, "सही करून टाक गो, तुझा काय जाता?"... ते आता सलतं.

परवा कंपनीच्या ऑफिसातून फोन. हा पाचवा. "काका, काकींची ती सहीची पेनड्राइव्ह द्या. बँकेचा ठराव राहिलाय. तारीख त्या असतानाची टाकतो."

कुठली तारीख, विचारलं. त्यानं सांगितली. सोलं गोळा केली तीच.

"मिटिंग तुमच्या घरीच दाखवलीय. नाहीतर कारखाना अडकेल, काका."

इथं राहणारं माणूस हवं म्हणून तिला घेतली, आता गेलेल्या बाईला मिटिंगला बसवतायत! मी फोन आपटला.

कॉम्प्युटरला लावली की कागदावर तिची सही उमटते, ती पेनड्राइव्ह तिच्या पानाच्या डब्यात असते, चुन्याच्या डबीशेजारी.

काल सकाळी एकट्यापुरता चहा टाकला आणि मीच फोन लावला. म्हटलं, "त्या दिवशी इथं कोणी आलं नव्हतं. मी होतो घरात. मिटिंग हवी तर या, खरी तारीख घाला. चहा मी करतो."

मग पानाचा डबा पुसला आणि होता तिथं ठेवला.