तोंड उघडून औषध घालून घेणारा

मोतीबिंदू काढल्यावर तपासणीला इंदापूरच्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर माझ्याच वयाचा एक म्हातारा बसलेला. त्याचंही तेच दुखणं. नाव मी विचारलं नाही. औषधाची वेळ झाली तशी त्यानं मान मागं टाकली आणि डोळ्यासंगं तोंडही उघडलं. सून त्याची हनुवटी धरून हसली, "अब्बा, तोंड कशाला उघडताय? थेंब डोळ्यात घालायचाय!"

माझ्या पोटात दुखलं. मी बावड्याहून एकटा आलेलो. माझं औषध मीच घालतो, निम्मं गालावर जातं.

सून पाणी आणायला गेली तसा मी टोमणा मारला, "एवढंसं काम सोताच्या हातानं जमत न्हाय व्हय तुमाला?"

तो जवळ सरकला. "जमतंय की, पाव्हणं. पण तिला सांगू नका. तेवढ्यापुरती तरी घडीभर जवळ बसती."

एस्टीत सगळ्या वाटेनं तेच डोक्यात. आज आपल्याही सुनेच्या हातात बाटली द्यायचीच, असं ठरवून घरी आलो. तिनंच विचारलं, "तात्या, औषध घालू का?"

"मला येतंय की!" सवयीनं निघून गेलं तोंडातून. ती आत गेली.

ओट्यावर बसून मान मागं टाकली. माझंही तोंड उघडलं. हसायला कुणी नव्हतं.