फाटकाच्या उजवीकडचे घर

इरास्टस ओज्वांग सध्या कुठे राहतो, असे कोणी विचारले की त्याची आई जरा थांबायची. मागच्या पावसात तो लामूला होता, त्याआधी किगालीला, मध्ये काही दिवस झांझिबारला. "तो फोनमध्ये राहतो," असे सांगून ती मोकळी होई.

काम मात्र पक्के होते. नॉर्वेतल्या एका कंपनीच्या दातांच्या दवाखान्यांत कोणाला कधी बोलवायचे, कोणता डॉक्टर कुठे मोकळा आहे, हे सगळे ओज्वांग लॅपटॉपवरून जुळवून देई. इंटरनेट असले की त्याला कुठलीही जागा चाले. चहाच्या टपरीचे बाकडे चाले, बोटीची वाट बघण्याचा धक्का चाले. सगळा संसार एका पाठपिशवीत मावतो, हे तो अभिमानाने सांगे. म्बिताजवळच्या आमच्या गावात, सरोवराच्या काठी, त्याला सगळे दातवाला म्हणत.

दातवाल्याला घर नाही, याची खरी झळ लागली ती त्याच्या धाकट्या भावाला.

ओबिएरो मासेमार. त्याला अविनोशी लग्न करायचे होते. अविनो धक्क्यावर ओमेना मासळी वाळवून विकणाऱ्या बायकांचा हिशेब बघे, आणि तिच्या घरच्यांचा प्रश्न साधा होता: मुलगी राहणार कुठे? आमच्या लुओ लोकांत मुलगा मोठा झाला की वडिलांच्या अंगणात स्वतःची झोपडी बांधतो. तिला सिंबा म्हणतात. थोरल्याची फाटकाच्या उजवीकडे, त्याच्या पाठच्याची डावीकडे. थोरल्याची उभी राहिल्याशिवाय धाकट्याने कुदळ हातात घ्यायची नाही. ओज्वांगच्या उजवीकडे गवत वाढत होते, म्हणून ओबिएरोच्या डावीकडेही गवतच वाढत होते.

"दादा, तुला नको असेल घर. मला हवंय ना," ओबिएरोने फोनवर सांगितले.

"मग बांधू की. त्यात काय," ओज्वांग लामूहून म्हणाला.

आणि त्याने ते काम इतर कामांसारखेच केले, म्हणजे दुरून. खांब, पत्रे, सुतार, सगळे फोनवर ठरवले. बांधकामाच्या दिवशी ओबिएरो फाटकाबाहेरच्या चढावर उभा, कारण गावात धड नेटवर्क लागते ते तिथेच. ओज्वांगने लामूहून सुरू करा म्हटले. ओबिएरो धावत अंगणात आला. त्याच्या मनात अविनो होती, दुसरे काही सुचत नव्हते. त्याने कुदळ उचलली आणि पहिला खड्डा स्वतःच खणला.

वडील, म्हणजे म्हातारे न्यांगवेसो, तेव्हा म्बिताला गेले होते. परतले तेव्हा भिंतींचा सांगाडा उभा होता.

"पहिला खड्डा कोणी मारला?"

सगळ्यांच्या नजरा ओबिएरोच्या हातातल्या कुदळीकडे गेल्या.

"ओबिएरो, तूच ना? मग हे घर तुझं. थोरल्याच्या जागेवर धाकट्याचं घर. शाबास. आता तुझ्या भावाला कुठे बसवू, चुलीवर?"

सांगाडा उतरवला. खांब पुन्हा कुंपणाला टेकले. अविनोच्या कानावर हे गेले तेव्हा ती हसली, पण घरी जाऊन तिने एल्डोरेटच्या बसचे तिकीट काढले. तिच्या बहिणीचे तिथे दुकान होते. "मंगळवारी निघते," तिने ओबिएरोला सांगितले. "तुमची घरं फोनवरून उभी राहायला लागली की कळव."

ओज्वांग शुक्रवारी आला. लामूहून मोम्बासा, तिथून रात्रीची गाडी, मग होडी. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "फोनमधून बाहेर आलास होय," म्हणाली, आणि उगालीचे, मक्याच्या घट्ट उकडीचे, पातेले पुढे ढकलले.

शनिवार शब्बाथचा, म्हणजे प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा, त्या दिवशी आमच्या घरांत कोणी हत्यार उचलत नाही. रविवारी शेजारी मयत होते, सगळा गाव तिकडे. उरला सोमवार. ओज्वांगने सोमवारची रजा टाकली. न्यांगवेसोंनी अटी सांगितल्या: पहिला खड्डा धन्याने खणायचा, छप्पर सूर्य मावळायच्या आत पुरे व्हायचे, रात्री धन्याने आत झोपायचे, आणि तोवर फाटक ओलांडायचे नाही.

"बाबा, शेवटची अट तुम्ही आत्ता घातलीत."

"तुझ्यासाठीच घातली. तू फाटक ओलांडलंस की किगालीलाच सापडतोस."

सोमवारी उजाडताच ओज्वांगने खड्डा खणला. हात मऊ पडले होते, कुदळ दोनदा वाकडी गेली. बायका माती तुडवायला आल्या होत्या, त्यांनी ते नीट पाहून घेतले. "दातवाल्या, कीड लागलेला दात आहे का तो, इतका जपून खणतोयस?" एकीने विचारले. पण सांगाडा भराभर उभा राहिला, माती लागायला लागली, आणि दुपारच्या आधी सुतार छपराच्या वाशांवर चढले.

तेवढ्यात ओज्वांगच्या खिशातला फोन गुरगुरला. अंगणात नेटवर्क नावापुरते; एखादा निरोप येई, बोलणे होत नसे. निरोप त्याच्या नॉर्वेतल्या सहकारी इंगविल्डचा होता. सगळ्या दवाखान्यांच्या वेळा एकमेकींत मिसळल्या होत्या, माणसे सुजलेले गाल धरून भलत्याच दारात उभी होती, आणि ती मांडणी ओज्वांगखेरीज कोणाला उलगडत नव्हती.

तो फाटकाकडे निघाला. न्यांगवेसो फाटकात स्टूल टाकून बसलेच होते.

"चढावर जाऊन येतो, बाबा. गेलो आणि आलो."

"जा. उद्या पहिल्यापासून बांधू."

"उद्या मंगळवार आहे."

"मला वार येतात."

ओज्वांग फाटकात उभा राहिला. एकीकडे नोकरी, जिच्यावर त्याचे सगळे फिरणे चालले होते. दुसरीकडे चिखलाने माखलेला ओबिएरो. मग ओबिएरो बोलला, पण भलतेच.

"दादा, सरोवरात नेटवर्क नसलं की आम्ही काय करतो? फोन डोलकाठीला बांधून वर चढवतो. तुला लांब कशाला जायचंय? उंच जा."

सगळ्यांनी छपराकडे पाहिले. ओज्वांग शिडी चढला, मधल्या वाशावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसला आणि फोन वर धरला. नेटवर्क आले. आईने लॅपटॉप मासळीच्या टोपलीत घातला, वर फडके टाकले, आणि टोपली दोराने वर गेली.

मग दुपारभर त्याच्या दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले जात होते आणि मध्ये बसून तो बर्गनच्या लोकांचे दात मार्गी लावत होता.

"तुझ्याकडे काय चाललंय?" इंगविल्डने विचारले. "हातोडे ऐकू येतायत."

"माझं घर बांधतायत."

"तू कुठे आहेस?"

"घरावर."

ओज्वांगने सुतारांना हळू ठोका म्हटले. मोठा सुतार तोंडातला खिळा काढून म्हणाला, "त्यांना सांग, कोणाची तरी दाढ काढतायत. ओळखीचा आवाज वाटेल." खाली बायका हसून लोटपोट झाल्या, आणि कारण कळल्यावर नॉर्वेतही कोणीतरी हसले.

उन्हे कलली. एकेक दवाखाना सुटत गेला, एकेक पत्रा बसत गेला. अखेर एकच दवाखाना राहिला आणि एकच पत्रा. त्या पत्र्याच्या जागी ओज्वांग बसला होता.

"दातवाल्या, ऊठ," सुतार म्हणाला.

"थोडं थांबा. झालंच."

"आम्ही थांबू. सूर्याला तू सांग."

न्यांगवेसो स्टुलावरून उठून आत आले. वर बघितले, सरोवराकडे बघितले, पुन्हा वर बघितले. ओबिएरो पत्रा दोन्ही हातांनी धरून शिडीखाली उभा होता. 

ओज्वांगने त्याच्याकडे पाहिले. मग तो इंगविल्डला म्हणाला, "मला आता उतरावं लागेल. एक दवाखाना राहिलाय."

"आणि घराचं किती राहिलंय?"

"एक पत्रा. मी जिथे बसलोय तिथलाच. मी उठल्याशिवाय घर होत नाही, आणि ते झाल्याशिवाय माझ्या भावाचं लग्न होत नाही."

इंगविल्ड म्हणाली, "अरे मग ऊठ ना. राहिलेल्यांना मी एकेक फोन करते. हे सांगितलं तर कोणी कुरकुर करणार नाही."

लॅपटॉप टोपलीतून खाली आला, पाठोपाठ ओज्वांग. पत्रा वर गेला. शेवटचा खिळा बसला तेव्हा सूर्य रुसिंगा बेटाला टेकत होता. न्यांगवेसोंनी तो पुरता बुडेपर्यंत वाट पाहिली आणि मगच मान हलवली. आईने शिजवलेले मके-शेंगदाणे चिखलाच्या हातांनीच वाटले गेले.

मंगळवारी सकाळी न्यांगवेसोंनी नव्या घराचे दार वाजवले. ओज्वांग चटईच्या खुणा गालावर घेऊन बाहेर आला.

"झोप लागली?"

"ओली माती, बाबा. अंग गारठलं."

"तुझंच घर आहे. तक्रार कोणाकडे करतोस?"

ओज्वांगला हसू आले. तो दारात उभा राहून उगाच चौकटीवर हात फिरवत होता. पुढच्या महिन्यात त्याला अक्राला जायचे होते, तसे त्याने त्याच सकाळी सांगून टाकले, आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही. घर आता कुठे जाणार नव्हते.

फाटकाच्या डावीकडे ओबिएरो खड्डा खणत होता. केव्हापासून, ते कोणाला ठाऊक नव्हते, पण कमरेपर्यंत आत गेला होता. खांबाला एवढा खोल खड्डा लागत नाही. कुंपणापलीकडे मोटरसायकल थांबली. मागे अविनो, मांडीवर पिशवी. लग्नाआधी ती आत येणार नव्हती, म्हणून कुंपणावरूनच बोलली.

"विहीर खणतोयस का?"

ओबिएरोने डोके वर काढले. "बस किती वाजता आहे?"

"गेली."

तो खड्ड्यातून वर चढला. अविनोने उतरून पिशवी खाली ठेवली आणि टाचा उंचावून डावीकडची जागा निरखली.

"दार थोडं सरोवराकडे घे. वारा येईल."

ओबिएरोने वडिलांकडे पाहिले. "बाबा, दार कुठे घेऊ?"

"मला कशाला विचारतोस?" न्यांगवेसो म्हणाले. "ती काय सांगतेय ते ऐकू आलं नाही का?"