अभ्र्यावरची हैदराबादी वेल

माझं लग्न मोडायची वेळ आली ती दोन उशांच्या अभ्र्यांवरून. अभ्रे मीच भरले होते, त्यामुळं दोष द्यायला दुसरं कोणी सापडत नव्हतं. (मी शोधलं होतं.)

आम्ही जालन्याचे, सासर मंठ्याचं. निजामाचं राज्य, कचेरीचा कारभार सगळा उर्दूत. माझे होणारे मामंजी मंठ्याच्या तहसिलीत कारकून. आमच्या घरात मात्र उर्दू वाचणारं कोणी नव्हतं. बाबा भुसार मालाचे आडते. त्यांची मोडी तेवढी होती, आणि ती त्यांची त्यांनाच लागायची.

रुखवतात वराकडच्यांसाठी हातानं भरलेल्या वस्तू ठेवायच्या होत्या. जाळीच्या कापडाची घरं मोजायची आणि रंगीत दोऱ्यानं फुल्या घालत जायचं, एवढंच काम. अवघड होतं ते नमुना निवडणं. आईनं राघू-मैना सुचवली. ती गल्लीतल्या प्रत्येक पोरीनं भरून झाली होती. मोर घेतला, तर मोजताना चार घरं चुकली आणि त्याची कोंबडी झाली. मला तर असा नमुना हवा होता, की मंठ्यानं तोंडात बोट घालावं. (पुढं घातलंच.)

शेजारच्या खालाकडं नमुन्यांच्या कागदांचा गठ्ठा होता. खाला औरंगाबादेला गेल्ती, म्हणून तिच्या सुनेनं तो न उघडताच माझ्या हातात दिला. त्यात एक कागद निघाला. वर साधासा गुलाब आणि त्याच्याखाली, घरं धरून फुल्याफुल्यांनी काढलेली नाजूक वेल. मध्येच वळसा घेणारी, मध्येच ठिपके सांडणारी. गुलाब मी सोडून दिला.

मैत्रिणी विचारायच्या, ही कोणती गं वेल? मी मान उडवून सांगायची, "हैदराबादी."

दोन अभ्रे झाले, मेजपोश झाला, नवरदेवाचा रुमाल झाला. सगळ्यांवर तीच वेल. हात इतका बसला, की शेवटी मी न मोजता भरत होते.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. मामंजी चष्मा लावून बघायला आले. अभ्र्यावर त्यांची नजर उजवीकडून डावीकडं गेली. वेल बघताना माणूस ओठ हलवत नाही. ते हलवत होते. मग त्यांनी मेजपोश उचलला. मग रुमाल. शेवटी बाबांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "हे परत कधी पायजे तुम्हाला?"

बाबांना काही समजेना. तेव्हा मामंजींनी बोट ठेवून वाचून दाखवलं, "काम हो गया तो जल्दी वापस करना."

नवरदेवाच्या मामांनी चौकशी केली, की वापस काय करायचं, उश्या का पोरगी? नवरदेवाच्या आत्यानं तर बैलगाड्या जुंपायला सांगितल्या. बाबा माझ्यासमोर अभ्रा धरून उभे राहिले.

"काय लिहून राह्यली तू हे?"

"वेल हाय बाबा," मी म्हणाले.

नमुना खालाकडचा म्हटल्यावर शेवटी बायकांतून तिला बोलावलं; लग्नासाठी ती औरंगाबादेहून परत आली होती. तिनं अभ्रा पाहिला आणि पदर तोंडाशी धरून खाली बसली. हसून हसून तिला उठता येईना. मग कळलं, की नमुने नेणाऱ्या पोरी कागद परत देत नव्हत्या, म्हणून तिनं ही ताकीद लिहून ठेवली होती. तीही भरतासारखी, घराघरांत, कागदाला शोभावी म्हणून.

"बेटी," ती म्हणाली, "गुलाब छोडके ये कायकू भरी?"

सगळ्यांत मोठ्यानं मामंजीच हसले. अक्षर आमच्या कचेरीत कागद लिहिणाऱ्या पेशकारापेक्षा बराबर आहे, असं सांगून त्यांनी जुंपलेले बैल सोडायला लावले, आणि वापस काहीच मिळणार न्हाई, असं बाबांना बजावलं. लग्न लागलं.

सासरी मला भरतकाम मात्र कोणी सांगितलं नाही. फक्त गुंड्या लावायला द्यायचे. आणि सदरा अंगात घालण्याआधी मामंजी एकेक गुंडी उजेडात धरून बघायचे, मी कुठं काही लिहिलंय का.