मेढ्याचा डावा फाटा

मी विश्रामबागेतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि आमच्या घरात मला कुणी रस्ता विचारत नाही.

याला कारण दादाचं लग्न. वऱ्हाड कुंडलहून निघून मेढ्याच्या पुढं वहिनींच्या गावी जायचं होतं. मेढा सोडल्यावर फाटा लागला. उजवीकडं जायचं, तर नवरदेवाची जीप डावीकडं गेली आणि भलत्याच गावातल्या भलत्याच मांडवात शिरली. तिथल्या बायकांनी दादाला ओवाळलं, सरबत पाजलं. दोन ग्लास झाल्यावर घोड्यावर बसून खरा नवरदेव आला! इकडं वहिनींचा मुहूर्त दीड तासानं टळला. त्यांचे वडील वेशीवर उन्हात उभे राहून भोवळ येऊन पडले.

'डावीकडं घ्या' असं मी म्हणालो, हे तेव्हापासून घरात ठरलेलं आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि मी 'उजवीकडं' म्हणालो होतो. मला लख्ख आठवतंय. दादा आणि गिअरच्या दांड्याच्या मधे मी चेपून बसलो होतो, दादाच्या मुंडावळ्या माझ्या कानाला गुदगुल्या करत होत्या, आणि मी हात लांब करून उजवीकडं दाखवलं होतं. (हाताला वाराही लागला होता.) हे मी तीस वर्षं सांगतोय. वहिनी शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "असू दे भावजी, झालं ते झालं." या वाक्याइतकं संतापजनक वाक्य मराठीत दुसरं नाही.

यंदा पुतण्याचं लग्न साताऱ्यात ठरलं. निघताना मी पुढच्या सीटवर बसलो, तर नवरदेवानंच मला नम्रपणे उतरवलं. "काका, आजचा दिवस रिस्क नको." ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यालाही माझा गुन्हा तोंडपाठ!

मग मात्र मी पेटलो. त्या दिवशी जीप चालवणारे आमच्या गावचे हणमंतमामा आता साताऱ्यात लेकीकडं असतात, हे मला कळलं होतं. लग्न लागल्या लागल्या मी रिक्षा करून त्यांना कार्यालयात घेऊन आलो. वय ऐंशीच्या पुढं, पण नजर आणि आवाज खणखणीत. दादा-वहिनी पंगतीला बसले होते. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून मी मामांना बसवलं आणि विचारलं, डावीकडं घ्या असं कोण म्हणालं?

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. "नवरदेव," ते म्हणाले.

मी वहिनींकडं पाहिलं. तीस वर्षांनी न्याय मिळाला की माणसाला कसं वाटतं, ते मला नेमकं चार सेकंद कळलं. दादानं मान खाली घालून जिलबी मोडली. वहिनी मात्र ढिम्म हलल्या नाहीत. आमचे हे असं करायचेच नाहीत, साखरपुड्याला आलेले असल्यामुळं त्यांना रस्ता माहीत होता, मामांचा काहीतरी घोटाळा होतोय, असं त्यांनी ठाम सांगितलं. मामांना मीच शिकवून आणलंय, असंही त्यांनी सुचवलं.

मी मामांना म्हटलं, "सांगा, मी काय म्हणालो होतो ते पण सांगा."

"तुमी कुठं हुता मास्तर?" मामा म्हणाले. "तुमी कराडात पाणी प्यायला उतरला आन् तिथंच ऱ्हायला. आमी तसंच फुडं गेलो. मागनं एसटीनं आला की तुमी, जेवणाच्या वक्ताला."

मी मामांना मुंडावळ्यांचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं, हाताला लागलेल्या वाऱ्याचं सांगितलं. मामा प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवत. दांड्यापाशी पपनसांची करंडी होती म्हणाले. म्हणजे माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या अन्यायाच्या वेळी मी हजरच नव्हतो! ज्या जागेच्या आठवणीवर मी तीस वर्षं संताप पोसला, ती जागा हा माणूस पपनसांना देत होता. आजूबाजूची पंगत जेवायची थांबून ऐकत होती आणि माझा आवाज चढत चाललेला मला कळत नव्हता.

"मी होतो!" मी ओरडलो. "मी तिथंच होतो, आणि डावीकडं घ्या असं मीच म्हणालो!"

दादानं मान वर केली. वहिनींनी डोळे टिपले आणि वाढप्याला खूण करून माझ्यासाठी पान मांडायला लावलं. "शेवटी कबूल केलंत भावजी, मन मोकळं झालं असेल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मामांना पोहोचवायला गेलो, तेव्हा त्यांच्या लेकीला मी बाजूला घेऊन सांगितलं, की वडिलांना एकदा डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या आठवणीचा आता काही भरवसा राहिलेला नाही.